मफत छे ने?

“बेन, आ वर्डप्रेस तो मफत छे ने?”

नवं गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं, चहा आला, बशीत ओतला गेला, की दुसऱ्या घोटाला हा प्रश्न येतो. पहिला घोट माझी खोली न्याहाळण्यात जातो. दहा बाय बाराची खोली, दोन टेबलं, एक जुना लॅपटॉप, त्याहून जुना दुसरा लॅपटॉप आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. एवढ्या भांडवलावर ही बाई आपल्याकडे पंचवीस हजार मागते म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसतं. मग तिसरा घोट, आणि त्याच्याबरोबर मुख्य प्रश्न. “तो पछी तमे शेना पैसा लो छो?”

मग तुम्ही पैसे घेता ते कशाचे?

चौदा वर्षं मी अलकापुरीत बसून लोकांच्या वेबसाइट बनवतेय आणि चौदा वर्षं या प्रश्नाला दर वेळी वेगळं उत्तर देतेय. वाईट याचं वाटतं की प्रश्न अगदी रास्त आहे. माझ्या दुकानातला सगळा माल फुकटात आणलेला. सर्व्हरवर चालतं ते लिनक्स. हेलसिंकीतल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं, लिनस टोरवाल्ड्सनं, १९९१ साली लिहायला घेतलं आणि लोकांपुढे ठेवलं. पीएचपी रासमुस लेरडॉर्फनं १९९५ मध्ये खुली केली. मुळात आपला बायोडेटा किती जण उघडून बघतात ते मोजायला त्यानं ही हत्यारं केली होती. (बायोडेटा टाकून कोण बघतंय याची वाट पाहणारा माणूस, हे कळल्यापासून तो मला एकदम घरचा वाटतो.) वर्डप्रेस म्हणजे तर दुसऱ्याच्या अंगणातलं रोप. बी-टू नावाच्या एका खुल्या सॉफ्टवेअरकडे त्याच्या कर्त्याचं लक्ष राहिलं नाही, तेव्हा एकोणीस वर्षांचा मॅट मलनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी २००३ मध्ये ते उचलून पुढे वाढवलं. गिऱ्हाइकाला पाटी मराठीत हवी असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’वाल्यांचा ‘मुक्त’ हा फॉन्ट आहे आणि गुजरातीत हवी असेल तर त्याचंच भावंड ‘मुक्त वाणी’. दोन्ही खुले. इतकंच काय, खुद्द वेब! टिम बर्नर्स-ली जिथे काम करायचा त्या सर्न संस्थेनं ३० एप्रिल १९९३ रोजी लिहून दिलं की हे तंत्र कुणीही वापरावं, पैसे पडणार नाहीत. म्हणजे मी ज्या रस्त्यावर दुकान मांडलंय तो रस्तासुद्धा दानातला.

माझा डांबरी रस्ता मात्र आर. सी. दत्त रोड. रमेशचंद्र दत्त म्हणजे भारताची संपत्ती बाहेर कशी वाहून जाते ते आकड्यांनिशी लिहिणारे. बडोद्याच्या राज्यात ते आधी महसूल मंत्री होते, मग दिवाण झाले आणि १९०९ मध्ये इथेच वारले. आज त्यांच्या नावाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना शोरूम आहेत आणि शनिवारी संध्याकाळी संपत्ती कशी वाहते ते आकड्यांशिवायही दिसतं. आणि अलकापुरी तर साक्षात कुबेराची राजधानी. कालिदासाचा यक्ष तिथलाच नोकर. कामात हयगय झाली म्हणून धन्यानं त्याला वर्षभरासाठी रामगिरीला, म्हणजे आपल्या रामटेकला असं मानतात, हाकलून दिलं. आमची मराठी घराणी उलट दिशेनं आली, गायकवाडांच्या मागोमाग, आणि राहिली. कुबेर मला अजून भेटलेला नाही. त्याचे मुनीम भेटतात. बिल पाठवून दोन महिने झाले की ते फोनवर सांगतात, शेठ उत्तरायणानंतर बघतील. उत्तरायण झालं की मार्च असतो.

तर उत्तर. सुरुवातीला मी ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतला फरक सांगायचे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे रिचर्ड स्टॉलमन बिचारा १९८३ पासून जगभर तोच घोळ निस्तरत हिंडतोय. आपल्याकडे दोन वेगळे शब्द तयार! मुक्त म्हणजे उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, बदललेलंही द्या. मी हे रंगात येऊन सांगायचे. गिऱ्हाईक शांतपणे ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, “हां हां, पण मफत तो छे ने?”

मग एके दिवशी घरी दूध विरजताना मला उत्तर सापडलं. विरजण! शेजारणीकडून चमचाभर विरजण आणलं तर तिचं दही कमी होत नाही. पैसे ती घेत नाही, तुम्ही देत नाही. द्यायला गेलात तर रागावेल. पण दूध तुमचं, तापवायचं तुम्ही, कोमट कधी झालं ते बोट बुडवून बघायचं तुम्ही, थंडीत भांडं पिठाच्या डब्यात ठेवायचं तुम्ही. आणि उद्या तिचं विरजण बिघडलं तर तुमच्याकडून न्यायला ती येणार. पुढच्या गिऱ्हाइकाला मी हे पुरं सांगितलं, गुजरातीत विरजणाला ‘मेळवण’ म्हणतात हेसुद्धा आठवून. फार आवडलं त्यांना. मान डोलावली, बशी रिकामी केली आणि म्हणाले, “ठीक. तो दहीं केटलानुं?”

दहा टक्के कमी करून घेतलेच.

विरजणात एक धोका आहे, तो मी गिऱ्हाइकांना सांगत नाही. शेजारीण गावाला गेली की अख्ख्या मजल्याचं दही बंद. मार्च २०१६ मध्ये असंच झालं. एका प्रोग्रामरचं कुणाशी तरी नावावरून बिनसलं आणि त्यानं आपला फुकट दिलेला सगळा कोड काढून घेतला. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अकरा ओळींचा तुकडा होता. अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा भरणं एवढंच त्याचं काम. त्या अकरा ओळींवर हजारो प्रकल्प टेकलेले निघाले आणि जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांची माणसं डोकं धरून बसली. अकरा ओळी! माझ्या मावशीच्या व्हॉट्सॲप निरोपातसुद्धा जास्त असतात.

आपणही कधी चमचाभर विरजण परत करावं असं मला वाटायला लागलं. कोड लिहून द्यायचा धीर होईना, म्हणून एका प्लगिनचं मराठी भाषांतर करायला घेतलं. चाळीसएक वाक्यं होती. ‘नंतर आठवण करून द्या’ अशा अर्थाचं एक बटण होतं, तिथे मी लिहिलं, ‘आत्ता फावत नाही’. आता आमच्या बडोदेकर मराठीत फावणं म्हणजे जमणं, सोयीचं असणं, गुजरातीतल्यासारखं. मला हे शूज फावत नाहीत, तुला मंगळवार फावेल का, वगैरे. तपासणारे गृहस्थ बहुधा सदाशिव पेठेतले असावेत. त्यांनी एकोणचाळीस वाक्यं मंजूर केली आणि चाळिसाव्यापुढे लिहिलं, ‘काय फावत नाही?’ मी उत्तर लिहायला घेतलं आणि लक्षात आलं की ते मराठीत समजावणं मला फावत नाहीये. आज त्या बटणावर ‘नंतर’ एवढंच आहे.

भाषांतरात असं नाक कापून घेतल्यावर मी शिकवायला लागले. दर शनिवारी चार वाजता, याच खोलीत. सात जण येतात आणि खुर्च्या पाच आहेत. बीकॉमची दोन मुलं, आईनं शिवलेल्या चणिया-चोळ्या ऑनलाइन विकायच्या आहेत अशी एक मुलगी, आणि दांडिया बाजारातले एक काका. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना आपल्या घराण्याची वंशावळ वेबसाइटवर टाकायची आहे. बाकीचे येतात-जातात, नवरात्रात तर नऊ दिवस कुणीच येत नाही, फक्त काका येतात आणि गुडघा दुखतो म्हणून गरबा होत नाही असं सांगतात.

शिकवायला लागल्यावर माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं की मला काय काय येत नाही. “मॅडम, टॅग बंद केला नाही तरी पान दिसतंय, मग बंद कशाला करायचा?” असं त्या मुलीनं विचारलं तेव्हा मी नळ, फाटक, कुकर अशी तीन उदाहरणं दिली आणि तिन्ही चुकीची होती. खरं उत्तर असं की ब्राउझर पोटात घालतो. तो आपल्या चुका न बोलता सावरून घेतो, म्हणून त्या आपल्याला कळत नाहीत. हे सांगितल्यावर काका म्हणाले, “म्हणजे आमच्या हिच्यासारखं.”

आणखी एक ध्यानात आलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली की मुलं लॅपटॉपचं झाकण लावतात. निबंधावर लाल शाईचे फराटे पाहून मोठी झालेली ही मुलं. लाल म्हणजे रागावणं, म्हणजे आता उद्या पालकांना घेऊन या. पहिले दोन महिने मी फक्त लाल अक्षरं वाचायला शिकवलं. ते ओरडत नाहीये, ते पत्ता सांगतंय. अमुक फाइल, अमुक ओळ.

पण पत्ताही नेहमी बरोबर नसतो. एका शनिवारी मीच सगळ्यांसमोर अडकले. पीएचपी सांगत होती, चूक चव्वेचाळिसाव्या ओळीत आहे. चव्वेचाळिसावी ओळ धुतल्या तांदळासारखी स्वच्छ. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली, माझा घसा सुकला. काकांनी चष्मा वर केला. “अगं, चव्वेचाळीसमध्ये कशाला शोधतेस? त्रेचाळीस बघ. फरक लागतो ते पान वेगळं आणि चूक झाली ते वेगळं.” त्रेचाळिसाव्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन नव्हता. एरिक रेमंडनं १९९७ मध्ये मोठा लेख लिहून मांडलं की पुष्कळ डोळे लागले की चूक लपून राहत नाही. आमच्याकडे दोन डोळे पुरले, पण ते पस्तीस वर्षं खतावण्या तपासलेले होते.

मी जे उपदेश म्हणून सांगते ते स्वतः करतेच असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री चढली, शहरात पाणी शिरलं, नदीतल्या मगरी रस्त्यावर आल्या. बॅकअप नेहमी दुसरीकडे ठेवावा हे मी त्याच महिन्यात शिकवलं होतं. माझी बॅकअपची डिस्क तळमजल्यावरच्या कपाटात, खालच्या खणात, लॅपटॉपच्या शेजारी होती. दोन्ही सोबत भिजले. गिऱ्हाइकांचं काही गेलं नाही, कारण त्यांच्या साइट दुसरीकडच्या सर्व्हरवर होत्या. गेली ती माझ्या वर्गाची टिपणं. काकांनी वहीत उतरवून घेतली होती, शाईपेनानं. ती झेरॉक्स करून आता मी शिकवते.

वर्गात भाषा कोणती, हा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात निघाला. मी मराठीत सुरू करते, वाक्य गुजरातीत संपतं, मधलं क्रियापद हिंदी असतं. अडलं तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल लावते. खुल्या सॉफ्टवेअरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, पडद्यावर तेच चित्र आणि आवाज मात्र हव्या त्या भारतीय भाषेत. एका लॅपटॉपवर काका मराठी ऐकतात, दुसऱ्यावर मुलं गुजराती. दोन्हीकडे बाण एकाच वेळी एकाच बटणावर जातो.

बडोद्यात हे काही नवं नाही. त्रिभुवनदास गज्जरांनी १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू केलं ते मुळी धंद्याचं शिक्षण लोकांच्या भाषेत द्यायचं म्हणूनच. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आणि आमचे सयाजीराव महाराज तर काय! बाराव्या वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून आणलेला, अक्षरओळख नसलेला मुलगा. त्यानं पुढे १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. त्यांनी ग्रंथपालांचा वर्ग काढला आणि पेट्यांमध्ये पुस्तकं भरून खेडोपाडी पाठवायला सुरुवात केली. गावानं वाचायची, परत करायची, ने-आणीचं भाडं सरकारचं. ती पेटी पहिल्यांदा उघडली तेव्हा चावडीवर बसलेल्या कुणीतरी नक्की विचारलं असणार की हे मफत आहे ना, मग यात सरकारचा काय फायदा. बोर्डनसाहेबांना त्याचं उत्तर कुठल्या भाषेत द्यावं लागलं असेल, याचा मी कधी कधी विचार करते.

गेल्या महिन्यात ते दह्याचा भाव विचारणारे शेठ परत आले. साइट नीट चालली होती, बिलसुद्धा उत्तरायणाच्या आत चुकतं केलं होतं. चहा झाला. मुलगा बारावी झालाय म्हणाले, तुमच्या क्लासला घ्या.

“घेते ना. शनिवारी चारला.”

“फी केटली?”

“मफत.”

बशी हातात तशीच राहिली. त्यांनी खोली पुन्हा एकदा न्याहाळली, टेबलं, लॅपटॉप, कॅलेंडर. “मफत?” ते म्हणाले. “तो एमां शुं शिखवाडता हशो?”

आता दारावर पाटी आहे. फी, महिना शंभर रुपये. त्या पैशांची शेवउसळ येते, पाव जास्त घेऊन. शेठचा मुलगा पहिल्या शनिवारी पावणेचारलाच हजर होता. खुर्च्या अजून पाचच आहेत.