गोळी गरम पडते

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली की आमच्या घरात तिच्यावर दुरुस्त्या सुरू होतात. डॉक्टर एमडी आहेत हे सगळ्यांना मान्य आहे, पण ते पडले एकटे. इकडे आई आहे, आत्या आहे, तळमजल्यावरचे काका आहेत आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. शेवटी निर्णय बहुमतानेच व्हायचा.

यंदा निमित्त झालं परळच्या हिंदमाताचं. मोठा पाऊस झाला की तिथे पाणी तुंबतं, हे मुंबईत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मी त्याच पाण्यातून दादर स्टेशन गाठलं. नव्या चपलेने टाच सोललेली होती आणि पाणी गुडघ्याला लागत होतं. अशा पाण्यात उंदराचं मूत्र मिसळलेलं असतं, त्यात लेप्टोस्पायरा नावाचा मळसूत्री जंतू असू शकतो, आणि त्याला आत शिरायला सोललेली टाच पुरते. 2005च्या 26 जुलैनंतर मुंबईने लेप्टोची साथ पाहिली आहे. त्यामुळे पावसाळ्यात महापालिका बजावत असते : साचलेल्या पाण्यातून गेला असाल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या. ही गोळी म्हणजे बहुधा डॉक्सीसायक्लिन. एकदाच पाण्यातून गेलेल्याचा डोस वेगळा, पायाला जखम असलेल्याचा वेगळा, रोज गटारात उतरून काम करणाऱ्याचा वेगळा. म्हणून तर डॉक्टरांना विचारायचं.

दवाखान्यात आई बरोबर आली. मी पन्नाशीचा आहे, पण आईच्या मते माझ्या तब्येतीची खरी फाइल तिच्या डोक्यात आहे.

"कशाची ॲलर्जी?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुधी भोपळा," आई म्हणाली. "ताटात दिसला की उठायचा."

"औषधाची?"

"लहानपणी एरंडेल दिलं की ओकायचा."

डॉक्टरांनी शांतपणे खुलासा केला. उलटी किंवा मळमळ म्हणजे ॲलर्जी नव्हे. आधी कुठल्या गोळीने किंवा इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, दम लागला असं झालं असेल, तर ते मात्र न विसरता सांगायचं, आणि त्या औषधाचं नाव लिहून पाकिटात ठेवायचं. आईने लगेच आत्येभावाच्या पेनिसिलीनची हकीकत काढली. ती खरी निघाली, पण आत्येभाव तिथे नव्हता.

मग डॉक्सीसायक्लिनची चिठ्ठी झाली आणि सूचना आल्या. जेवल्यावर घ्या. पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्या. नंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. दूध, पित्ताची गोळी, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी याच्याबरोबर नको, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. उन्हात जपा. सध्या दुसरी कुठली औषधं चालू असतील तर आत्ताच सांगा. मी सगळं लिहून घेतलं. आई माझ्याकडे जरा कीव आल्यासारखी पाहत होती.

घरी पोचेपर्यंत पहिली दुरुस्ती मंजूर झालेली होती. "अँटिबायोटिक गरम पडतं. दुधाबरोबर घे."

गरम पडण्याच्या या सिद्धान्ताला आमच्या घरात उत्तर नाही. गोळी गरम, इंजेक्शन त्याहून गरम, आणि दूध, गुलकंद, सब्जा, वाळा हे सगळे उताऱ्याचे. आता गंमत अशी की नेमक्या या गोळीचं दुधाशी पटत नाही. दुधातलं कॅल्शियम औषधाला पोटातच धरून ठेवतं, रक्तात पुरेसं जाऊ देत नाही. याच घराण्यातल्या जुन्या टेट्रासायक्लिनचं तर दुधाशी हाडवैरच होतं. डॉक्सीसायक्लिन त्या मानाने मवाळ आहे, पण लोहाच्या आणि पित्ताच्या गोळ्यांपुढे तेही ढिलं पडतं. मी हे आईला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हळद घालून देऊ?"

शेवटी बायकोने तोडगा काढला. गोळी दुपारी जेवल्यावर, पाण्याने, दूध रात्री. आणि गुलकंदाबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते, तेव्हा तो आईच्या अखत्यारीत राहिला.

आत्याची हरकत पाण्याला होती. गोळीला पेलाभर पाणी लागतं हे तिला नव्या पिढीचं लाडावणं वाटतं. ती स्वतः कितीही मोठी गोळी कोरडी गिळते, आणि लग्नकार्यात कोणी विचारलं तर करून दाखवते. पण ही कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथेच विरघळते आणि आतून भाजल्यासारखी जखम करते. मग दोन-चार दिवस थुंकी गिळतानाही माणूस कळवळतो. म्हणून पाणी, म्हणून बसणं.

आणि इथे माझी खरी कसोटी होती. दुपारी जेवल्यावर अर्धा तास बसायचं! वामकुक्षीशिवाय मराठी माणसाचं जेवण संपत नाही, नुसतं थांबतं. मी खुर्चीत ताठ बसून घड्याळाकडे पाहत होतो, आणि समोर दिवाणावर आत्या बिनगोळीची घोरत होती. कुठल्याही औषधाच्या दुष्परिणामांच्या यादीत हा प्रकार घालायला हवा.

उन्हाची सूचना मी हसण्यावारी नेली होती. मुंबईच्या जुलैत ऊन? पण माझी गोळी सुरू झाली आणि सूर्याला कसं कळलं कोण जाणे, चक्क लख्ख ऊन पडलं. चाळीतल्या जुन्या सवयीने आई म्हणाली, "जरा उन्हात बस, जंतू मरतात." या औषधावर असताना काही जणांची कातडी उन्हाने पटकन भाजते, असं मी सांगितलं. आईला ते पटलं नाही, बायकोला पटलं, पण तिच्या डोळ्यांत संशय होता. कारण त्याच दुपारी गाद्या गच्चीवर न्यायच्या होत्या.

तळमजल्यावरच्या काकांची दुरुस्ती सगळ्यांत घातक. ते विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेत आणि शिल्लक ठेवणं त्यांच्या रक्तात आहे. त्यांच्याकडे श्रीखंडाचा एक जुना डबा आहे. त्यात अर्ध्या फाडलेल्या स्ट्रिपा, नावं गेलेल्या गोळ्या, पाठीवर लाल रेघ असलेले कित्येक ऐवज. "बरं वाटलं की थांबायचं," ते म्हणाले. "उरलेल्या ठेवून द्यायच्या. सर्दीला कामी येतात." आता सर्दी होते विषाणूने, आणि अँटिबायोटिक विषाणूचं काही वाकडं करू शकत नाही. पण काकांची सर्दी आठवड्यात बरी होते, आणि श्रेय डबा घेतो.

बायकोने त्यांना फ्लेमिंगचा किस्सा ऐकवला. पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगला 1945 साली नोबेल मिळालं, तेव्हाच्या व्याख्यानात त्याने एक काल्पनिक गृहस्थ उभा केला होता. घसा दुखतो म्हणून हा गृहस्थ स्वतःच पेनिसिलीन आणतो आणि अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, औषधाला पुरून उरायला शिकतात. मग तेच शिकलेले जंतू तो बायकोला देतो, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन चालत नाही, आणि ती मरते. "नोबेलच्या मंचावरसुद्धा नवऱ्याचीच करणी," बायको म्हणाली. काकांनी डबा मांडीवर घट्ट धरला.

खरं सांगायचं तर कोर्स किती दिवसांचा असावा यावर डॉक्टरांतही वाद आहे. 2017 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी लिहिलं की सरसकट 'कोर्स पुरा करा' म्हणण्याला भक्कम पुरावा नाही. बऱ्याच आजारांत आता कमी दिवस पुरतात असं दिसतंय. पण किती कमी, हे तपासून ठरवायचं काम डॉक्टरांचं, आणि क्षयासारख्या रोगात तर मध्येच थांबण्याची चैन नाहीच. तो अंक काकांच्या हाती न पडो.

मात्र निवृत्त माणसांना कमी लेखू नये. टेट्रासायक्लिनच्या घराण्याचा मूळपुरुष ऑरिओमायसिन, तो 1945 साली हाती लागला बेंजामिन डगर या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या. प्राध्यापकी संपवून, सत्तरी ओलांडून ते लेडर्ले कंपनीत ठिकठिकाणची माती तपासत बसले होते. तिथे संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव. मिसुरीतल्या एका शेताच्या मातीत सोनेरी रंगाचा सूक्ष्मजीव सापडला, त्यातून औषध निघालं. आज परळच्या चिखलातून येणाऱ्या दुखण्यावर आपण मिसुरीच्या मातीतल्या औषधाचा वंशज घेतो.

एवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला : 'सर्व सभासदांसाठी डॉक्सी घाऊक आणावी, प्रति फ्लॅट एक स्ट्रिप.' बत्तीस अंगठे वर झाले. प्रति फ्लॅट म्हणजे त्यात दुसऱ्या मजल्यावरचं तीन वर्षांचं पोर आलं आणि चौथ्यावरची गर्भवती सूनही आली. त्यांच्यासाठी डॉक्टर बहुधा दुसरं औषध निवडतात, कारण या घराण्याची औषधं वाढत्या दातांवर पिवळे डाग पाडू शकतात. सुदैवाने मेडिकलवाला खमका निघाला. माणसागणिक चिठ्ठी आणा, म्हणाला.

म्हणून सभा भरली. पहिल्या मजल्यावरच्या काकू महिनाभर जिना उतरल्या नव्हत्या, पण मेंटेनन्स वेळेवर भरल्याने आपल्या वाट्याची स्ट्रिप त्यांना हवी होती. बायकोने उठून सांगितलं की गोळी घेतली म्हणून निर्धास्त राहायचं नाही. ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे इतिवृत्तात नोंदवलं गेलं नाही. नोंदवला गेला तो ठराव असा की मूळ दोष उंदरांचा असल्याने मीटररूममागच्या बिळांचा बंदोबस्त करण्यासाठी उपसमिती नेमावी. उपसमितीत एकट्या माझं नाव एकमताने पुढे आलं. कारण, सेक्रेटरी म्हणाले, यांनी गोळी घेतलेली आहे.