आधी किल्ला, मग सुरमई

वसईच्या किल्ल्यात शिरताना हल्ली इतिहास नाही, ऊन कुठून येतंय ते बघतात. १५३४ मध्ये पोर्तुगीजांनी गुजरातच्या सुलतानाकडून वसई मिळवली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली आणि १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह करून पेशवाई गहाण टाकली. एवढ्या उलाढालीनंतर आज राज्य आहे ते प्री-वेडिंगवाल्यांचं. छप्पर नसलेल्या चर्चच्या कमानीखाली भाड्याचा गाऊन सावरत नवरी उभी, नवरा सुटात घामाघूम, आणि फोटोग्राफर ओरडतोय, "दादा, जरा हसा की!" मागच्या भिंतीवर बाण घुसलेला बदाम कोरलेला. पर्यटक थांबून वाचतात तो शिलालेख तेवढाच.

दुपार झाली की सगळ्यांना एकदम मासे आठवतात. सुरमई आजचीच ना, बोंबील कुरकुरीत ना, पापलेट एवढं महाग का, अशी वेटरची कसून उलटतपासणी होते. चिमाजी अप्पा पहिल्या बाजीरावाचे कोण, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. थाळी गार आली तर तक्रार. तटबंदी फोडून वड उगवला तर 'काय मस्त बॅकग्राउंड!'

मंडळी, बोंबील पोटभर खा. फक्त भिंतीवर नाव कोरू नका. तिथे आधीच बऱ्याच जणांनी रक्त सांडलंय.