डावा पाय आणि इतर सुटे भाग
(भोर-वेल्ह्यातल्या नवशिक्या गाडीमालकांसाठी क्लच-मार्गदर्शिका)

क्लच गेला आहे की नाही हे ओळखण्यासाठी तज्ज्ञ शोधावा लागत नाही. मार्गासनीच्या आसपास बॉनेट उघडून उभे राहा, तज्ज्ञ आपोआप जमतात. पहिला म्हणेल, "प्लेट गेली." दुसरा म्हणेल, "छे, बेअरिंग." तिसरा फक्त गाडीची किंमत विचारेल. तिघांचेही ऐकून घ्यावे आणि मग खात्री स्वतः करावी.

कापूरहोळ-भोर रस्त्यावर सपाट, मोकळा तुकडा मिळाला की चौथ्या गिअरमध्ये 40च्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबा. इंजिन ओरडले आणि गाडीचा वेग मात्र होता तेवढाच राहिला, तर प्लेट घसरते आहे. पेडल दाबताच खरखर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. गिअर पडताना कुरकुर होत असेल तर आधी केबल तपासावी, आणि क्लच हायड्रॉलिक असेल तर पाइपात हवा शिरली आहे का ते पाहावे. गाडी पावसाळाभर शेडबाहेर उभी असेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. वेल्ह्याच्या पावसात हे मुळीच नवल नाही. जळका वास आला तर मात्र निदान झालेच. अशा वेळी मागच्या सीटवरच्यांनी एकमेकांकडे संशयाने पाहण्याची पद्धत आहे.

आता खरेदी. इथे घरातला एक तरुण पुढे येतो. बहुधा तो नऱ्ह्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करणारा भाचा असतो. "मामा, बदलायचाच आहे तर अपग्रेड करू," हे त्याचे पहिले वाक्य. त्याच्या यादीत सिरॅमिक पॅडलची प्लेट असते, कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट असते आणि हलके फ्लायव्हीलही असते. मामांची गाडी बोलेरो आहे आणि ती दूध, खत व पाहुणे वाहते, हा तपशील यादीत नसतो.

भाच्याला नाउमेद करू नये, पण काही गोष्टी शांतपणे सांगाव्यात. सिरॅमिक प्लेट उष्णता उत्तम सोसते, पण ती हळूहळू पकडत नाही, एकदम पकडते. पाबे घाटातल्या वळणावर पुढचा टेम्पो थांबला आणि तुम्हाला इंच-इंच सरकायचे असेल, तर अशी गाडी एक तर उडी मारते किंवा बंद पडते. कडक प्रेशर प्लेटने घसरण थांबते हे खरे, पण पेडलही तेवढेच जड होते; ताण केबलवर येतो, फोर्कवर येतो आणि मालकाच्या गुडघ्यावरही येतो. हलक्या फ्लायव्हीलचे इंजिन झटकन फिरते, म्हणून शर्यतीत त्याला मान आहे. चढावर गाडी उठवताना मात्र जड फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोरच कामी येतो. तो जोर पैसे देऊन काढून टाकायचा आणि मग वाटेत इंजिन का बंद पडते म्हणून विचारायचे, याला अपग्रेड म्हणतात.

क्लच म्हणजे घरातला फ्यूज. जास्त भार आला की तो घसरतो आणि पुढचे वाचते. त्याला बलदंड केलेत की पुढचा झटका गिअरबॉक्स, क्रॉस जॉइंट किंवा पुढच्या चाकांचा ड्राइव्ह शाफ्ट खातो, आणि त्यांचे बिल वेगळ्या कागदावर येते.

रुंद, उंच टायरांबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण भोरपासून नसरापूरपर्यंत हा आजार सर्वत्र आहे. टायरचा व्यास वाढला की गाडीचे गिअर आपोआप लांबतात. म्हणजे चढावर गाडी उठवायला क्लच जास्त वेळ घासावा लागतो. स्वखर्चाने क्लचचे आयुष्य कमी करण्याचा हा सर्वांत देखणा मार्ग आहे. घाटासाठी खरोखर काही बदलायचेच असेल तर मागच्या एक्सलमधले क्राऊन-पिनियन जास्त रेशोचे घालता येते. गाडी चढाला हलकी होते, पण हायवेला लागलात की त्याच वेगाला इंजिन जास्त फिरते आणि डिझेलही जास्त पिते. रोज शेतातून भातपोती आणणाऱ्याला हे परवडेल, रोज पुण्याला नोकरीला जाणाऱ्याला नाही.

तर घ्यायचे काय? कंपनीने मुळात दिलेल्या मापाचाच सेट घ्यावा. नाना पेठेत तुमच्या गाडीचे मॉडेल आणि साल दोन्ही सांगावे, नुसते "बोलेरोचा द्या" म्हटले की दुकानदार "कुठली?" विचारतो, आणि ते बरोबरच आहे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदलावीत. बेअरिंगमध्ये पैसे वाचवणाऱ्याला गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागते. फ्लायव्हीलवर चरे किंवा निळे डाग असतील तर लेथवर फेसिंग करून घ्यावे. ते दोन थरांचे, स्प्रिंगवाले असेल तर त्याला लेथ दाखवू नये. क्रँकच्या मागचे ऑइल सील गळत असेल तर ते त्याच वेळी बदला, नाहीतर नवी प्लेट तेल पिऊन आठवड्यात जुनी होते. मेकॅनिकला जुने भाग परत मागा. तो नाराज होईल, होऊ द्या.

आणि शेवटचा भाग, जो कुठल्याच दुकानात मिळत नाही: डावा पाय. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड झाले तरी चढ होते तेवढेच आहेत. रविवारी गुंजवण्याच्या वाटेवर ट्रेकवाल्यांच्या गाड्यांची रांग लागते, आणि त्यातले निम्मे चालक हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात. इंजिनचा वेग आणि चाकांचा वेग यांतला सगळा फरक तेव्हा प्लेटवर उष्णता होऊन जळत असतो. असली सवय असेल तर सिरॅमिक, तांबे, सोने काहीही बसवा, फरक पडणार नाही. तेव्हा रांगेत उभे असाल तर गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा आणि पाय पेडलवरून खाली ठेवा. हँडब्रेक लागत नसेल तर क्लचच्या आधी तो दुरुस्त करून घ्या.