शेवटचा क्लिक कोणाचा?

लग्न जमलं की श्रेयाला वारस फार. स्थळ सुचवणारी मावशी, पत्रिका पोचवणारे काका, मुलाच्या वडिलांचं मन वळवणारे मास्तर, आणि ऐन वेळी ‘आता हो म्हणून टाका’ एवढंच बोललेली शेजारीण. आपण सगळ्यांना सारखाच आहेर करून मोकळे होतो. हा गृहस्थ मात्र मांडवात उभा राहून विचारतो, “शेवटचा क्लिक कोणाचा?” तुम्ही त्याला ओळखता. कालपर्यंत तो मोहफुलांचे लाडू बचत गटांच्या प्रदर्शनात विकत होता. आता लाडवांचा ब्रँड झाला आहे आणि ब्रँडचा पहिलावहिला अ‍ॅफिलिएट कार्यक्रम सुरू होतो आहे. म्हणजे त्याने दिलेली लिंक तुम्ही दहा जणांना पाठवायची, तिच्यावरून कोणी डबा मागवला तर ठरलेले टक्के तुमचे. नाव परदेशी असलं तरी व्यवहार धान्यबाजारातल्या आडतीचाच. अ‍ॅमेझॉनने 1996 साली पुस्तकांसाठी तो इंटरनेटवर नेला, एवढंच. आपल्या गृहस्थाने लाडवांच्या पाककृतीपेक्षा लांब नियमावली केली आहे: स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी चालणार नाही, डबा परत आला तर कमिशन रद्द, आणि क्लिक केल्यापासून तीस दिवसांत खरेदी झाली तरच ती तुमची. भागीदारांच्या पहिल्या यादीत दोन मेहुणे आणि तीन भाचे. स्वतः खरेदी करायची नाही हा नियम त्यांच्यासाठीच केला असावा.

त्याचा हिशेब खोटा नाही, अपुरा आहे, एवढंच माझं म्हणणं. नागपुरातल्या एका बाईंनी डबा मागवला असं समजू. शाळेत मैत्रिणीने लाडू चाखवलेला, मुलीने त्याचा व्हिडिओ दाखवलेला, आणि पैसे भरताना जावेने सवलतीचा कोड दिलेला. यंत्र कमिशन देतं जावेला, कारण शेवटचा क्लिक तिचा. अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमात साधारणपणे चोवीस तासांची मुदत असते. म्हणून पंचविसाव्या तासाला मैत्रिणीची शिफारस खोटी ठरते का? पैसे कोणाला तरी द्यायचे, म्हणून कुठेतरी रेघ ओढावी लागते. रेघ सोयीची आहे. हा तिला सत्य समजतो आणि मग सगळीकडे तीच ओढत सुटतो. ताप उतरला की विचारतो, शेवटचा क्लिक डॉक्टरांचा की आजीच्या काढ्याचा? नातू पहिला आला की शिकवणीवाले आणि गणपती यांच्यात कमिशन कसं वाटायचं, या चिंतेत पडतो.

यावर कोणी म्हणेल, छोट्या उत्पादकाने दुसरं करायचं काय? जाहिरातीचे पैसे आधी जातात, गिऱ्हाईक येवो न येवो. कमिशन निदान विक्री झाल्यावर द्यायचं. बरोबर आहे, आणि आमच्या गोंदिया जिल्ह्याला हे शिकवायलाही नको. इथे बिडीचा धंदा सट्टेदारावर चालला. कारखान्याकडून पानं-तंबाखू घ्यायची, घरोघरी वाटायची, वळलेल्या बिड्या परत पोचवायच्या आणि हजारी कमिशन घ्यायचं. पण त्याच धंद्यात ‘छाट’ही होती. वळलेल्यातल्या काही बिड्या नापास, त्यांची मजुरी कापलेली, आणि बिडी वळणारीला दाद मागायची कुठे हे ठाऊक नाही. हे तंटे इतके वाढले की 1966 च्या बिडी-सिगार कामगार कायद्यात नापास मालाच्या वादासाठी वेगळी तरतूद करावी लागली. आपल्या गृहस्थाच्या नियमावलीतलं ‘डबा परत, कमिशन रद्द’ हे कलम छाटीचंच नातेवाईक. तेव्हा आक्षेप टक्क्यांना नाही. टक्के कोणाच्या हातावर पडतात आणि कोणाचा हात यंत्राला दिसतच नाही, हा प्रश्न आहे. चैत्रात पहाटे टोपली घेऊन मोह वेचणाऱ्या बाईचा क्लिक पहिला. तिचा कोड अजून कोणी काढलेला नाही.

आणि हा माणूस कचारगडला गेला की त्याची फार पंचाईत होते. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या या गुहेकडे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लाखो लोक येतात. दरेकसा स्टेशनवर उतरतात, धनेगावहून डोंगर चढतात. एवढ्यांना पाठवलं कोणी? आजीने, गोत्राने, मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याने. टक्का कोणालाच नाही. इथली गोंड समाजाची कथाही त्याच्या हिशेबात बसत नाही. कली कंकालीची 33 मुलं या गुहेत कोंडलेली. जंगो रायताडला त्यांची माया, पारी कुपार लिंगोने शोधलेला मार्ग, हिरासुका पाटालीरच्या किंगरीच्या सुरांनी मुलांना आलेलं बळ. गुहेच्या तोंडावरचा दगड सरला आणि त्याखाली हिरासुकाच गेला, असं सांगतात. शेवटचा क्लिक कोणाचा, हे तिथे कोणी विचारत नाही. ‘जय सेवा’ म्हणतात आणि पुढच्याला वाट देतात.

तरी या माणसाला सरसकट हसता येत नाही, हे नाइलाजाने लिहावं लागतं. बाजारात श्रेय बुडवणारे ढिगाने आहेत. हा निदान ते द्यायला माणूस शोधतो. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी उघड सांगा, असं जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये प्रभावकांना बजावलं, तेव्हा धंद्यातल्या पुष्कळांनी ‘जाहिरात’ हा शब्द कोपऱ्यात बारीक अक्षरांत लपवला. याने मेहुण्यांनाही तो ठळक लिहायला लावला. त्याच्या तक्त्यात ‘डायरेक्ट’ नावाचा एक रकाना असतो. कुठल्याही लिंकशिवाय, कुठल्याही कोडशिवाय आलेल्या मागण्या तिथे जमतात. दुसरा व्यापारी तो रकाना पाहून खूश होईल, कमिशन वाचलं म्हणून. हा मात्र रात्री दुकान आवरल्यावर तेवढाच रकाना उघडून बसतो. एकेक गावाचं नाव वाचतो, आणि इथे आपलं नाव कोणी काढलं असेल, याचा विचार करत राहतो.