आरसी नसलेल्या गाडीचे मालक

आरटीओच्या नावानं बोटं मोडणं हा पुण्यातल्या मध्यमवर्गीय माणसाचा जुना छंद आहे. एजंट, रांगा, फॉर्म, झेरॉक्स, पुन्हा झेरॉक्स! पण याच माणसाला कुणी सांगितलं, की अमुक गाडी घ्या आणि आरटीओचं तोंडही पाहू नका, तर तो आनंदानं नाचेल असं वाटतं. तसं होत नाही. त्याची झोप उडते.

कोथरूडच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याचं असंच झालं. सोयीसाठी त्यांना काका म्हणू. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या कर्जाची कागदपत्रं तपासण्यात घालवलं. घरच्या कपाटात सातबाऱ्यापासून 1991 सालच्या गिझरच्या वॉरंटी कार्डापर्यंत सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत ओळीनं लावलेलं. अशा घरातल्या मुलाच्या डोक्यात डर्ट बाइक शिरली. रस्त्यावरची नव्हे, चिखलात, मातीत, टेकाडांवरून उड्या मारणारी. कावासाकीची केएलएक्स 110 ही भारतात आली तेव्हा किंमत होती तीन लाखांच्या आसपास. दिसायला लहान मुलाची, घ्यायला मोठ्या माणसाची. दिवा नाही, इंडिकेटर नाही, आरसा नाही. काकांनी एवढं सगळं पचवलं. अडलं ते शेवटच्या वाक्यावर.

‘काका, याला आरसी नसते,’ शोरूममधला मुलगा म्हणाला.

‘नंतर येते का? पोस्टानं?’

‘नाही. येतच नाही.’

‘मग गाडी आमची कशावरून?’

‘बिल आहे की.’

‘बिल तर मिक्सरचंही असतं!’

काकांचा मुद्दा बिनतोड होता. गैरसमज नको म्हणून सांगायला हवं, की त्या मुलाचंही काही चुकलं नव्हतं. आरटीओत गाडीची नोंदणी करायची तर विक्रेत्याचा फॉर्म 21 लागतो आणि गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे असं सांगणारा उत्पादकाचा फॉर्म 22. निव्वळ ट्रॅकसाठी बनवलेल्या बाइकला हा फॉर्म 22 मिळत नाही, कारण रस्त्यासाठीच्या चाचण्यांच्या वाटेला ती गेलेलीच नसते. त्या चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी सर्वांत नावाजलेली एआरएआय ही पुण्यातच आहे, आणि तीही टेकडीवर. लोक त्या टेकडीला एआरएआय टेकडीच म्हणतात. म्हणजे काकांच्या मुलाला जिथं बाइक उडवायची हौस, त्या टेकडीवर बसलेल्या संस्थेनंच बाइकला हात लावलेला नाही.

काकांनी मग मोटार वाहन कायदा, 1988 वाचायला घेतला. सेवानिवृत्तांच्या हाती कायदा पडला की घरच्यांचे हाल सुरू होतात. कलम 39 म्हणतं, की नोंदणी नसलेलं मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी ‘किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ चालवू नये. इतर कोणत्याही! हे लिहिणाऱ्याला पृथ्वीचा एकही कोपरा मोकळा सोडायचा नव्हता. विम्याचं कलम 146 त्या मानानं दिलदार, ते फक्त सार्वजनिक जागेपुरतं बोलतं. म्हणजे स्वतःच्या शेतातल्या बांधावर गाडी फिरवली तर विमा नसला तरी चालेल, पण नोंदणी हवी.

सुटका एकाच जागी आहे, ‘मोटार वाहन’ कशाला म्हणायचं ते सांगणाऱ्या कलम 2(28) मध्ये. रुळांवर धावणारं वाहन त्यातून वगळलेलं आहे. चारपेक्षा कमी चाकं आणि 25 सीसीपर्यंतचं इंजिन असलेलंही वगळलेलं आहे. आणि फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी केलेलं खास प्रकारचं वाहनही. केएलएक्सचं इंजिन 112 सीसीचं, त्यामुळे पहिल्या दोन दारांतून बाहेर पडायला वाव नाही. उरलं बंदिस्त आवार. ट्रॅकला कुंपण असतं, तेव्हा तिथं निभावतं. टेकडीला कुंपण नाही. शिवाय कलम 2(34) प्रमाणे लोकांना जिथं जायचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक, मग तिथून वाट जात असो वा नसो. पहाटे पाचला अर्धं पुणं जिथं हात वर करून मोठ्यानं हसत असतं, ती जागा सार्वजनिक नाही असं कुठल्या वकिलानं म्हणावं?

या भांडणात डर्ट बाइकच्या आधी खाणीतले डंपर उतरले होते, हे कळल्यावर काकांना फारच बरं वाटलं. 1974 साली बोलानी ओर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ओडिशातल्या खाणीच्या आवारातच राबणाऱ्या डंपरांवर मोटार वाहन कर बसत नाही. काका खूश. पण 1992 साली सेंट्रल कोलफिल्ड्सच्या खटल्यात त्याच न्यायालयानं डंपरच्या चाकांकडे पाहिलं. हवा भरलेले रबरी टायर आहेत, तेव्हा गाडी रस्त्याजोगी आहे, असा निष्कर्ष निघाला. काकांनी मुलाच्या बाइकचे टायर अंगठ्यानं दाबून पाहिले. हवा होती.

अल्पवयीन मुलाच्या बापानं तर कलम 199अ उशाशी ठेवावं. मुलानं सार्वजनिक रस्त्यावर गाडी काढून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. वर गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आता जिची नोंदणीच नाही तिची रद्द काय करणार, हा प्रश्न काकांनी रात्री अकरा वाजता वकील मेहुण्याला फोन करून विचारला. मेहुण्यानं फोन ठेवला.

मग विमा. रस्त्यावरच्या 75 ते 150 सीसीच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला 714 रुपये. भाजीच्या पिशवीत मावणारा खर्च. पण कंपनीच्या ऑनलाइन अर्जात पहिलाच चौकोन नोंदणी क्रमांकाचा, आणि तो भरल्याशिवाय पान पुढं सरकत नाही. काकांनी तिथं चॅसिस क्रमांक घातला, बिलाचा क्रमांक घातला, शेवटी वैतागून स्वतःच्या स्कूटरचा घालून पाहिला. पान लगेच सरकलं आणि स्कूटरचा विमा कधी संपतो ते अगत्यानं सांगू लागलं.

आणि समजा, विमा मिळाला असता, तरी काय? दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की संघटित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांसाठी गाडी वापरली तर भरपाई नाही. डर्ट बाइक याच्याशिवाय दुसरं करते काय? तिच्यावरून कुणी दूध आणायला जात नाही. रॅली आणि ट्रायलसाठी आयएमटी 31 नावाचं जोडपत्र असतं, पण ते मूळ पॉलिसीला जोडायचं. मूळच नाही तिथं जोडणार कशाला? चोरीचा दावा तर विचारूच नका. विमावाले सगळ्यात आधी दोन्ही किल्ल्या मागतात. मोटोक्रॉसच्या अस्सल बाइकला बहुधा किल्लीच नसते. बटण दाबा किंवा किक मारा, निघाली. म्हणजे बाइक कुणाची, तर तिच्यावर जो बसेल त्याची. काकांनी अंगणातल्या लोखंडी जाळीला साखळदंड बांधून घेतला, आणि त्याचं बिल मात्र जपून ठेवलं.

अशी बाइक ट्रॅकवर न्यायची ती टेम्पोत घालून. नाक्यावर हवालदारानं हात केला. ‘नंबर प्लेट कुठंय?’ काकांनी कलम 2(28) सांगायला सुरुवात केली. हवालदारानं दोन मिनिटं ऐकलं, टेम्पोचे कागद पाहिले, ते बरोबर निघाले. ‘हिला गाडी म्हणू नका साहेब, सामान म्हणा,’ तो म्हणाला आणि शिटी वाजवली. काकांनी इतक्या रात्री जागून जे शोधलं होतं, ते त्यानं उभ्या उभ्या सांगितलं.

पुढं मुलगा बेंगळुरूला नोकरीला लागला आणि बाइक विकायची ठरली. आरसी असती तर फॉर्म 29, फॉर्म 30, विषय संपला. इथं 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करारनामा करावा लागला. 2024च्या ऑक्टोबरपर्यंत असल्या कामाला 100 रुपयांचा पेपर चालायचा, हे काकांनी खरेदीदाराला आवर्जून ऐकवलं. चॅसिसवरच्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिलीनं ठसा काढला. दोन साक्षीदार झाले, सह्या झाल्या. खरेदीदारानं मूळ बिल मागितलं.

‘मूळ कसं देणार?’ काका म्हणाले. ‘तेवढा एकच कागद आहे. झेरॉक्स देतो.’

‘मग मालक कोण, तुम्ही की मी?’

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी खरेदीदार झेरॉक्सवर तयार झाला, पण ठरल्या किमतीतून त्यानं दहा हजार रुपये कापून घेतले. काकांनी त्या दहा हजारांची पावती मागितली.