रंगाचा रकाना

लिंगायत घरातल्या बायोडाट्याच्या माथ्यावर छापलेलं असतं, ‘ॐ श्री गुरुबसवलिंगाय नमः’. खाली नाव, जन्मतारीख, शिक्षण. मग पोटजात. मग उंची. मग रंग : गोरा. गोरा म्हणायला जीभ रेटत नसेल तर निमगोरा, तेही धकत नसेल तर गव्हाळ. ‘सावळा’ मुलाच्या कागदावर चालून जातो. मुलीच्या कागदावर तो लिहायची हिंमत फार थोड्या बापांना होते.

माघी पौर्णिमेला कर्नाटकातल्या उळवीत चन्नबसवेश्वराची जत्रा भरते. बेळगाव-धारवाडकडच्या बैलगाड्या जोयड्याच्या जंगलातून वाट काढत येतात, घरंच्या घरं उतरतात. चार सोयरे एकत्र आले की लग्नाच्या मुलामुलींचा विषय निघायचाच. मोबाइल बाहेर येतात, फोटो पुढं सरकतात, आणि पहिला प्रश्न येतो : ‘फोटोत दिसते तेवढी उजळ आहे का?’

हा प्रश्न कुठं बसून विचारतो आहोत, याचं भान ठेवा. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या मधुवरसानं आपली मुलगी हरळय्याच्या मुलाला दिली. हरळय्या चांभार. दोन्ही घरं शरणांची, म्हणजे बसवण्णांच्या वाटेनं जाणाऱ्यांची, एका श्रद्धेची, आणि सोयरीक ठरायला तेवढं पुरलं. बिज्जळ राजाच्या राज्यात ते लग्न सहन झालं नाही. परंपरा सांगते की दोन्ही बापांना हत्तीच्या पायाला बांधून फरफटत मारलं. त्यानंतरच्या कत्तलीतून जे वाचले ते चन्नबसवण्णा (हेच चन्नबसवेश्वर) आणि त्यांची आई अक्कनागम्मा यांच्याबरोबर या रानात आले. अक्कनागम्मांच्या नावाची गुहा उळवीत आजही दाखवतात. इथली समाधी त्या लग्नाची किंमत मोजलेल्यांची आहे. तिच्यापुढं नमस्कार करून उठायचं आणि पोटजात व रंग विचारायचा, हा उघड अपमान आहे. मी याला दुसरा शब्द वापरणार नाही.

त्याच शरणांतली अक्कमहादेवी. कौशिक राजा तिच्या रूपावर भाळला आणि ती त्याचा वाडा सोडून निघाली. तिची तसबीर आपल्या भिंतीवर असते. तसबिरीखाली सतरंजी टाकून आपण मुलीला पोहे द्यायला लावतो, ‘जरा चालून दाखव’ म्हणतो, वेणी किती लांब आहे ते पाहतो.

रूप पाहूच नये असं माझं म्हणणं नाही. डोळे सगळ्यांना आहेत आणि आवडनिवड खरी असते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1966 साली एलेन वॉल्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 752 नव्या विद्यार्थ्यांच्या नाचाच्या संध्याकाळसाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा जोड्या लावल्या. हुशारी, स्वभाव, सगळं आधी मोजलं होतं. कोण कुणाला आवडलं हे शेवटी ठरलं ते दिसण्यावर. पण ती ओळख एका संध्याकाळची होती, हे विसरू नका. 2015 साली लुसी हंट, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी 167 जोडपी तपासली. ओळख होताच लगेच जुळलेल्या जोड्यांत दोघं दिसायला एकमेकांना साजेशी निघाली. जे आधी बराच काळ एकमेकांना ओळखत होते, त्यांच्यात हा मेळ सैल पडलेला होता. सहवास वाढतो तसं रूपाचं वजन उतरतं.

आता आपला पाहण्याचा कार्यक्रम बघा. दोन अनोळखी माणसं, अर्धा तास, समोर दहा नातेवाईक. तोंड उघडायची सोय नाही, मग डोळ्यांशिवाय कामाला येणार काय? रूपाला एवढा भाव आपण स्वतःच मिळवून दिला आहे, वेळ नाकारून.

आणि खरं तर तिथं रूपही कुणी पाहत नाही. आवड ही ज्याची त्याची असते. एखाद्याला सावळ्या चेहऱ्यावरचं हसू आवडतं, एखाद्याला कुणाचा आवाज. ‘गोरी’ ही नवऱ्या मुलाची आवड नसते, ती मावशी, आत्या आणि शेजाऱ्यांसाठी मांडायची वस्तू असते. म्हणून तर तिचा सौदा होतो. ‘मुलगी जरा सावळी आहे, मग दोन तोळे वाढवा’ हे वाक्य बैठकीत उघड बोललं जातं. हुंडाबंदीचा कायदा 1961 पासून असूनही. स्टुडिओवाला मुलीचा चेहरा संगणकावर इतका उजळतो की गळा एका रंगाचा आणि गाल दुसऱ्या रंगाचे दिसतात. त्या फोटोकडे पाहून लाज मुलीला वाटते, फोटो मागणाऱ्यांना वाटत नाही.

2020 च्या जूनमध्ये परदेशातल्या भारतीय बायकांनी सह्या गोळा केल्या आणि शादी डॉट कॉमला रंगाची गाळणी काढावी लागली. त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’ला नावातला ‘फेअर’ सोडावा लागला. धंदा करणाऱ्यांना हे जमलं. बसवण्णांचं नाव घेणाऱ्या वधूवर मेळाव्यांना छापील अर्जातली एक ओळ काढायला कोण अडवतं?

डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले : लग्नाला मुली मिळत नाहीत. त्यांचं दुःख खरं आहे. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या, त्याचं हे पीक. पण मुली आधी पोटात नाकारायच्या, मग रंगावरून नाकारायच्या आणि वर मोर्चा काढायचा, हे कसं चालेल?

‘मग मुलाला मुलगी आवडायला नको का?’ असं विचारलं जाईल. हवी ना. मुलीलाही मुलगा आवडायला हवा, तिला तर कुणी विचारतच नाही. दोघांना चार वेळा भेटू द्या, मोठ्यांशिवाय, पोह्यांशिवाय. कामाबद्दल, पैशाबद्दल, घरात कोण काय करणार याबद्दल भांडू द्या. त्यानंतर नाही म्हणायचं तर दोघांपैकी कुणीही खुशाल नाही म्हणावं. तोवर मावशीनं रंगाबद्दल एक अक्षर काढू नये.