पाण्याचा वार सोडून

रोटरीची रीत अशी, की सभा दर आठवड्याला, ठरल्या वारी, ठरल्या वेळी. जुळे सोलापूरच्या नळाची रीत अशी, की पाणी चार-पाच दिवसांनी, वार कोणताही, वेळ त्याची त्याला ठाऊक. या दोन रीतींचा लसावि काढून क्लब चालवणं हे सेक्रेटरीचं काम, आणि यंदा ती सेक्रेटरी मी आहे.

क्लबाचं नाव सांगत नाही. आमच्यातले बरेच लोक अजून माझ्याशी बोलतात, ते तसंच चालू राहावं.

सभेची वेळ साडेसातची. साडेसातला ग्रुपवर पहिला निरोप पडतो, "पाणी आलंय." पाठोपाठ दुसरा, "आमच्याकडं पण." तिसऱ्यानं नुसतंच बादलीचं चित्र टाकलेलं असतं. म्हणजे विजापूर रोडला लागून असलेल्या सोसायट्या गेल्या. उरले सैफुलकडचे. त्यांचा पाण्याचा वार आदल्या दिवशीच होऊन गेलेला, त्यामुळं ते आंघोळ करून, इस्त्रीच्या शर्टात, मोकळ्या मनानं हजर असतात. त्यांच्या जिवावर सभा सुरू होते. अध्यक्ष गळ्यात कॉलर घालतात, घंटा वाजवतात, राष्ट्रगीत होतं, आणि ते संपता संपता अण्णा आत येतात. पँटच्या कडा ओल्या, कानाला मोबाइल. पलीकडून अण्णी विचारत असतात, मोटर बंद करू का? अण्णा हळू आवाजात, पण पूर्ण सभागृहाला ऐकू जाईल असं सांगतात, "वरची टाकी भरली का बघ आधी."

अण्णा आमचे माजी अध्यक्ष. तशी आमच्याकडं माजींची कमी नाही. अध्यक्ष दर १ जुलैला बदलतो, त्यामुळं क्लब जितका जुना तितकी माजींची रांग लांब. प्रत्येकाला आपलंच वर्ष क्लबाचं सुवर्णयुग वाटतं, आणि त्यानंतर जे काही बिघडलं ते पुढच्यानं.

सभेची बातमी पेपरला पाठवायची ती मी. पेपरवाल्यांना ती वेळेत लागते आणि आमची सभा वेळेत संपत नाही, म्हणून 'कार्यक्रम उत्साहात पार पडला' हे मी दुपारी भाजी निवडतानाच लिहून ठेवते. अवघड असते ती शेवटची ओळ, 'यशस्वितेसाठी यांनी परिश्रम घेतले'. तीत नाव राहिलं, की माणूस दोन सभा येत नाही. अनुभवानं शिकले, की परिश्रम न घेतलेल्यांची नावं आधी घालावीत. ज्यांनी खरंच घेतलेले असतात ते दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला उठतच नाहीत.

पाहुण्यांचा सत्कार सोलापुरी चादर देऊनच व्हायला हवा, याबाबत मात्र क्लबात एकमत आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर आपल्या गावची असताना शाल कशाला? तत्त्व बरोबर आहे. तेवढ्याच तत्त्वनिष्ठेनं आम्ही एप्रिलात उष्माघातावर बोलायला आलेल्या डॉक्टरांच्या अंगावर ती चादर घातली आणि फोटो नीट येईपर्यंत काढू दिली नाही.

मी क्लबात आले ती मिस्टरांच्या मागून, 'अ‍ॅन' म्हणून. रोटेरियनची बायको ती अ‍ॅन, मग घरी तिचं नाव शकुंतला असो की महानंदा. ही मूळची अ‍ॅन ब्रुनिअर नावाची बाई. १९१४ साली ह्यूस्टनच्या अधिवेशनाला निघालेल्या आगगाडीत ती नवऱ्याबरोबर होती. गाडीत बाई ती एकटीच, म्हणून सगळे तिला 'रोटरी अ‍ॅन' म्हणू लागले. तिच्या त्या एका प्रवासापायी मी कितीतरी वर्षं अ‍ॅन होते, आणि पोहे करत होते. बायकांना सभासद करून घ्यायचा नियम रोटरीनं १९८९ साली केला. तो जुळे सोलापुरात पोचायला थोडा वेळ लागला, पण पोचला. मी सभासद झाले, मिस्टरांनी दुकानाच्या व्यापामुळं राजीनामा दिला, आणि पेच पडला, की आता यांना काय म्हणायचं? नियमावलीत शोधाशोध झाली. तोवर निमंत्रणपत्रिका छापून आली होती. तीत अ‍ॅन म्हणून मिस्टरांचंच नाव होतं. त्यांनी ती पत्रिका कपाटाला चिकटवली आहे आणि पोहे करायला शिकले आहेत.

गंमत सोडा, पण अ‍ॅन असतानाच मी या क्लबाचं खरं काम पाहिलं. रोटरीनं १९८५ साली पोलिओविरुद्ध जगभर मोहीम हाती घेतली, आणि त्यातला आमच्या वाट्याचा तुकडा म्हणजे रविवारी सकाळी बर्फाचा डबा खांद्याला लावून पूर्व भागात फिरणं. तिथं मराठीइतकीच तेलुगू चालते, आणि घराघरांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असतात. एका वर्षी अध्यक्षांना वाटलं, नुसते डोस देऊन उपयोग नाही, जागृती हवी. एका आजींसमोर उभं राहून त्यांनी विषाणूपासून सुरुवात केली. आजींचा हात थांबला नाही. पान घेतलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा बांधला, सुपात टाकलं. विषाणू आतड्यात शिरेपर्यंत पाच-सहा विड्या झाल्या असतील. मग आजी नातीला तेलुगूत काहीतरी बोलल्या. नात म्हणाली, "आजी म्हणलालीय, बाळ झोपलंय. तुमचं बोलून झालं की उठवते."

पुढच्या बोळात एक पोरगं भेटलं. डोस घेतलेल्या पोराच्या डाव्या करंगळीला शाईची खूण करतात आणि आमचा क्लब त्याला वर एक शिट्टी द्यायचा. या पठ्ठ्याची करंगळी रॉकेलचा वास मारत होती आणि घासून लाल झाली होती. खिशात आधीची शिट्टी वाजत नव्हती, पण दिसत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, जादा डोसानं काही बिघडत नाही, द्या. दिला. तिसऱ्या फेरीला तो धाकट्या भावाला घेऊन आला, तेव्हा मात्र त्यालाच आम्ही स्वयंसेवक करून टाकला. त्याच्याइतकी बोळातली लहान मुलं आम्हांला सापडली नसती. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा, हावड्याचा, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या दिवशी आमच्या सर्व माजी अध्यक्षांनी ते आपल्याच वर्षी झाल्याचं सांगितलं.

सेवा म्हणजे काय ते शिकायला सोलापूरला रोटरी जिथं जन्मली त्या शिकागोला जायची गरज नव्हती म्हणा. इथले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तिथंच वारले, चिनी सैनिकांवर उपचार करता करता. पण आम्हांला घंटा आणि कॉलर लागते. त्याशिवाय सोसायटीबाहेर पडवत नाही.

रोटरीचं मूळही काही फार उदात्त नाही. पॉल हॅरिस नावाचा वकील शिकागोत बाहेरून आलेला, जवळचं कुणी नव्हतं, करमत नव्हतं. १९०५ साली त्यानं तिघांना जमवलं, त्यात एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी, एक खाणींचा इंजिनिअर. आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत बसायचं, म्हणून नाव रोटरी. सेवा नंतर सुचली. आणि पहिलं मोठं काम काय हाती घेतलं? शिकागोच्या रस्त्यावर सार्वजनिक मुताऱ्या. त्यालाही विरोध झाला. बिअर बनवणारे म्हणाले, पुरुषांची सोय आमच्या गुत्त्यांत आहे. मोठे दुकानदार म्हणाले, बायकांची आमच्याकडं आहे.

ही माहिती मी सभेत मुद्दाम वाचून दाखवली, कारण रस्त्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह बांधावं, असा माझा प्रस्ताव होता. सभागृह शांत झालं. आमच्याकडं बाकड्यांना देणगीदार रांगेत उभे असतात, प्रत्येक बाकड्यावर कुणीतरी 'यांच्या स्मरणार्थ' आहे. इथं एकही हात वर येईना. अण्णांनी सगळ्यांच्या मनातलं सांगितलं, "बाकड्यावर वडिलांचं नाव घालतो ओ. याच्यावर कुणाचं घालू? सासऱ्याचं?"

अध्यक्षांनी विषय 'पुढील सभेत' ढकलला आणि सगळे जेवायला उठले. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. अण्णा ताट घेऊन माझ्याशेजारी बसले. भाकरी मोडत म्हणाले, "बांधाल ओ. पण पाणी कुठून आणणार?" हा प्रश्न शिकागोवाल्यांना पडला नसणार. मग अण्णांनी सभेच्या विषयपत्रिकेच्या पाठीवर टाकी काढली. एक खाली, एक वर. बोअर किती खोल लागेल, मोटर किती ताकदीची, पाण्याच्या दिवशी खालची भरली की वरची किती दिवस पुरेल, सगळा हिशोब चटणीचे डाग पडलेल्या त्या कागदावर. चार माणसं ताटं घेऊन भोवती उभी राहिली. सैफुलकडच्या एकानं मोटर कबूल केली, दुसऱ्यानं फरशी. आयुष्यभर टाक्या भरण्यात गेलेली ही माणसं, नावाची पाटी कुठं लावायची हे विसरूनच गेली. अण्णांना तेवढ्यात घरून फोन आला. त्यांनी तो कट केला. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता काम संपत आलंय. उद्घाटनाला एक मोठे पाहुणे ठरलेत. मी फोन केला तेव्हा त्यांच्या स्वीय सहायकांनी बजावलं, "साहेब येतील, पण दहा मिनिटांच्या वर थांबणार नाहीत."

मी म्हटलं, "तेवढी पुरतात."